खांबाचा हात

५ ऑगस्ट

चि. टिकली,

परवा सकाळी अंघोळ झाली, देवापुढे दिवा लावला, आणि रोजच्यासारखा वेत भिजत घालायला न जाता मी आधी कॉम्प्युटर सुरू केला. तू करून पाठवलेली वेबसाइट पाहायची होती. वर मोठ्या अक्षरांत ‘वेताच्या खुर्च्या’, त्याखाली एक करडा चौकोन, आणि चौकोनात लिहिलेलं, ‘इथे चित्र येईल.’ त्याच्याखाली बारीक अक्षरांत, ‘इथे चित्राचं वर्णन येईल.’ आणि मग पानभर, ‘इथे मजकूर येईल. इथे मजकूर येईल.’

पोरी, मी बराच वेळ नुसता पाहत बसलो. कधी येईल ते नाही, कोण आणेल ते नाही, नुसतं येईल! मी इतकी वर्षं देवापुढे बसतो, पण एवढा भरवसा मला कधी शब्दांत मांडता आला नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात तुझी काकू मागून आली.

“कुणाला नमस्कार चाललाय?”

“वेबसाइटला.”

“बिघडली असेल तर पोरीला फोन करा. नवस कसले बोलताय!”

पण फोनवर तू सांगतेस ते मला ऐकू येतं, कळत नाही. लिहून पाठवलंस तर मी ते छापून कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर चिकटवीन. म्हणून हे एका बोटाने टाइप करतोय.

तुझं ते वाक्य मी सगळीकडे तसंच ठेवलंय. फक्त थोडी शोभा आणली. दुकानाचं नाव लाल, मागे हिरवं. अक्षरांचे चार प्रकार वापरले, कुणाला कमीपणा नको. आणि खुर्च्यांचे सगळेच्या सगळे फोटो पहिल्या पानावर घातले. पान उघडायला आता थोडा वेळ लागतो. तेवढ्यात माझा चहा होतो.

दादाच्या बाबतीत मी तुझ्याशी काही बोलणार नाही. तो तुझा बाप आहे आणि तू दोघांच्या मधली. गेल्या वर्षी तो वेगळा झाला आणि खुर्च्यांना प्लास्टिकची पट्टी विणायला लागला, हा त्याचा प्रश्न. एवढंच म्हणतो की आज जो खुर्चीला प्लास्टिक विणतो तो उद्या देवाला प्लास्टिकचं फूल वाहील. झालं. बोललो नाही.

शेवटचं एक. दुकानाच्या दारातला एक जुना फोटो मला त्या करड्या चौकोनात घालायचाय. छान आहे, पण त्यात माझ्या शेजारी एक खांब आलाय. नुसता कापावा तर पुढची खुर्चीही अर्धी जाते. खांब तेवढा काढता येतो का?

तुझा काका


८ ऑगस्ट

प्रिय काका,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एवढी हसले की शेजारच्या टेबलावरची मुलगी पाणी घेऊन आली.

अरे, ती प्रार्थना नाहीये! बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात ना, तसं आहे ते. जागा धरून ठेवलीय. तिथे तू लिहायचंयस! लोक पाच दिवस तुझ्या दुकानाचं पान उघडून ‘मजकूर येईल’ वाचतायत आणि तू चहा पितोयस.

आता भिंतीवर चिकटवण्यासाठी.

सगळ्यात आधी, आणि हे लाल शाईने छाप: मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी त्याची दुसरी प्रत काढायची, तिला वेगळं नाव द्यायचं, आणि काय प्रयोग करायचे ते तिच्यावर. काम आवडलं नाही तर मूळ प्रत शाबूत असते.

लाल अक्षरं हिरव्यावर नकोत, डोळ्यांत घुसतात. पांढऱ्यावर गडद. अक्षरांचे प्रकार दोनच: एक मथळ्याला, एक मजकुराला. बाकीच्यांना कमीपणा वाटला तर माझं नाव सांग. चारी बाजूंनी भरपूर मोकळी जागा सोड. रिकामी दिसली तरी ती वाया गेलेली नसते. पहिल्या पानावर तीन फोटो पुरेत. आणि ते हलके करून घाल. ‘आकार बदला’मध्ये जाऊन रुंदी बाराशे कर. फोटो म्हणजे लाखो रंगीत टिकल्या असतात (हो, माझं नाव!), तेवढ्या सगळ्या टिकल्या फोनच्या पडद्यावर लागतच नाहीत. फोन नंबर सगळ्यात वर. बटणावर ‘इथे दाबा’ असं लिहू नको, दाबल्यावर काय होणार ते लिही, ‘खुर्ची दुरुस्तीला द्या’. आणि झालं की स्वतःच्या फोनवर उघडून बघ. तुझी गिऱ्हाइकं फोनवरच बघणार.

‘चित्राचं वर्णन’ ही जागा महत्त्वाची आहे, तिथे टाळाटाळ करू नकोस. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन ते वर्णन मोठ्याने वाचून दाखवतो. चित्रात जे आहे तेच लिहायचं. जास्त नाही, कमी नाही.

खांब: फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्रॅममध्ये डावीकडे शिक्क्याचं चिन्ह आहे. ते घे, ऑल्ट दाबून शेजारच्या भिंतीवर क्लिक कर, मग खांबावर हळूहळू शिक्का मारत जा. भिंत खांबावर चढत जाईल. ब्रश मऊ आणि लहान ठेव. घाई केलीस तर एकच डाग चार ठिकाणी दिसतो.

काकूला सांग, नवस फेडायची गरज नाही.

टिकली


१९ ऑगस्ट

चि. टिकली,

तुझं पत्र छापून लावलं. काकूने त्याला दोन खिळे मारले.

मोकळ्या जागेचं मला लगेच पटलं. गावच्या शाळेत आमच्या गुरुजींचा तोच जप असायचा, ‘समास सोडा रे, समास!’ मला तेव्हा वाटायचं, कागद आपण विकत घेतला आणि ह्यांना तो रिकामा कशाला हवा? मग वीण शिकताना आबांनी दाखवलं की जाळी म्हणजे निम्मी भोकंच असतात, आणि माणूस बसतो तो त्यांच्या जिवावर. आता तू सांगितलंस. समास सोडलाय.

लाल-हिरवं काढलं. अक्षरांचे दोन प्रकार ठेवले. पान आता झटकन उघडतं, माझा चहा मागे पडला. नंबर वर घेतला तर त्याच दिवशी दोन फोन आले. एकाला बाकाची बैठक विणून हवी होती, दुसऱ्याला पाळण्याची. मला तुझं कौतुक वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

खांबाचं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी भिंतीऐवजी मी चुकून दरवाजावर क्लिक केलं, त्यामुळे दाराला दोन कड्या आल्या. काकू म्हणाली, “बरं झालं, चोरीची भीती नाही.” दुसऱ्या दिवशी एक कडी काढली. मग डोक्यापासून सुरुवात करून हळूहळू खाली येत गेलो. पायांपाशी फरशीच्या रेघा जुळवायला फार वेळ लागला. पण जमलं. डावीकडची सगळी बाजू आता स्वच्छ भिंत आहे, तुलासुद्धा ओळखू यायचं नाही.

एकच राहिलंय. खांब सगळा गेला, पण खांबाचा हात माझ्या पलीकडच्या खांद्यावर तसाच आहे. तो दुसऱ्या बाजूला असल्यामुळे आधी लक्षातच आला नाही. त्याच्याखाली माझ्या शर्टाची टिकली कुठून आणायची? तोवर फोटो चौकोनात चढवला आहे. वर्णन अजून लिहिलं नाही, सुचत नाहीये.

आणखी एक विचारायचं राहिलं. सेव्ह करताना तो ‘जुन्याच्या जागी ठेवू का?’ असं काहीतरी विचारत होता. मी हो म्हटलं. बरोबर ना?

तुझा काका


२० ऑगस्ट

काका,

खांबाला हात कधीपासून फुटले?

मी आत्ता वेबसाइट उघडली. आमच्या बैठकीत टीव्हीच्या वर जो फोटो आहे तोच आहे हा. आजोबा खुर्चीत, मागे तू आणि तुझ्या खांद्यावरून हात टाकून उभे असलेले बाबा. फक्त ह्यात बाबा नाहीत. बाबांच्या जागी भिंत आहे. भिंतीचं काम चांगलं झालंय, त्याबद्दल मार्क देते.

तुला शिक्का कसा मारायचा ते मी शिकवलं. ब्रश मऊ ठेव म्हणाले. डोक्यापासून सुरुवात केलीस म्हणतोस! माझ्याच बापाच्या डोक्यापासून, आणि माझ्याकडूनच शिकून! त्या खांबाने मला सायकल शिकवली, काका. त्या खांबाच्या मांडीवर बसून मी तुझ्याकडे खाऊ मागायचे.

बाबांना मी सांगणार नाही. पण ते तुझं पान बघत नसतील असं समजू नकोस.

आणि नाही, बरोबर नाही. ‘जुन्याच्या जागी’ला हो म्हणायचं नसतं. लाल शाईत छापायला सांगितलेलं तेवढं एकच वाक्य होतं.

टिकली


४ सप्टेंबर

चि. टिकली,

पत्र लिहायला उशीर झाला. तू रागावलीस ते योग्यच. तुला खांब सांगायला नको होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू मदत केली नसतीस, आणि मदत तर हवी होती.

माझी बाजू मांडतो, मग तू काय ते बोल. दादा वेगळा झाल्यावरही काही महिने हा फोटो दुकानात भिंतीवर होता, तेव्हा गिऱ्हाईक आलं की बोट दाखवायचं, ‘हे तर त्या कोपऱ्यावरचे प्लास्टिकवाले!’ आणि मग म्हणायचं, ‘तुमच्याकडेही प्लास्टिक मिळेल का?’ मग वाटणीत फोटो दादाकडे गेला. जाण्याआधी मी फोनने त्याचा फोटो काढून ठेवला होता. आता तोच लोकांना दाखवला तर पुन्हा तेच. म्हणून म्हटलं, एक माणूस थोडा बाजूला सरकवावा. सरकवायलाच बसलो होतो. पुसला कधी गेला ते कळलं नाही.

आता पुढची गंमत. गंमत म्हणजे माझी फजिती.

शेजारच्या शिंपीणबाईंनी फोनवर पान उघडलं. उघडलं आणि तशाच दुकानात आल्या. “भाऊजी, तुमच्या खांद्यावर हा हात कुणाचा?” मी हातातला वेत उलटसुलट करत राहिलो. त्या फोन कपाळाला लावून म्हणाल्या, “बोलू नका, कळलं मला. एवढी वर्षं सकाळ-संध्याकाळ दिवा लावता ते काय फुकट जाणार आहे? पाठीशी उभा आहे तो. हात तेवढा दिसू दिला.”

मी म्हटलं, “अहो, तसं काही नाही.”

“असंच म्हणतात ज्यांच्यावर कृपा असते ते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोघींना आणलं. तिघींनी माझ्या कॉम्प्युटरला नमस्कार केला. काकू आतून ओरडली, “ह्यांनी सवय लावलीय सगळ्यांना!”

तू हसशील. पण मला त्या रात्रीपासून देवापुढे नीट बसता येत नाही. डोळे मिटले की हातच दिसतो. त्याच्या अंगठ्यावर पटाशी लागल्याची खूण आहे ना, तीसुद्धा दिसते. देवाच्या अंगठ्यावर पटाशीची खूण कशी असेल? आणि मी मात्र लोकांना देवाचा हात म्हणून दादाचा हात दाखवतोय. खोटं बोललो नाही म्हणावं, तर नुसतं गप्प राहून केवढं मोठं खोटं होऊन बसलं!

त्यात काल गाण्याच्या मास्तरांचा फोन आला. त्यांची आरामखुर्ची मीच विणतो. त्यांना दिसत नाही हे तुला ठाऊक आहे. म्हणाले, “तुमचं पान माझा फोन मला रोज वाचून दाखवतो. रोज म्हणतो, इथे चित्राचं वर्णन येईल. कधी येणार?”

मी म्हटलं, “लिहितोय.”

“मग आत्ता तोंडी सांगा. काय आहे चित्रात?”

“आमचे आबा खुर्चीत बसलेत. मागे मी उभा आहे.”

“आणि?”

“आणि दार आहे.”

“शिंपीणबाई तर म्हणत होत्या, हात आहे.”

“आहे.”

“कुणाचा?”

मी म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक आलंय. कुणीही आलं नव्हतं.

तुझा काका


९ सप्टेंबर

काका,

रागावले होते, पण शिंपीणबाईंपर्यंत वाचलं आणि राग टिकला नाही. माफ केलं असं मात्र समजू नकोस, ते खातं वेगळं आहे.

बाबांनी पाहिलं. मी सांगितलं नाही. काल घरी फोन केला तर आईने हसत हसत त्यांना दिला. मी घाबरतच ‘बोला’ म्हटलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते:

“तुझ्या काकाला सांग, मला काढलं त्याचं काही नाही. पण माझा हात माझ्या परवानगीशिवाय वापरतोय तो. आणि वर लोक त्याच्या पाया पडतायत म्हणे, हात माझा आणि नमस्कार त्याला! त्याला म्हणावं, एक तर मला पुरता घे, नाहीतर माझा हात परत कर.”

मी विचारलं, “बाबा, चिडलात का?” तर म्हणाले, “चिडतोय कशाला? वीण उसवताना एक टोक राहतंच त्याचं, लहानपणापासून.” आईने नंतर सांगितलं, फोन ठेवून त्यांनी टीव्हीवरचा फोटो उगीचच पुसला.

आता कामाचं. तुझ्याकडची मूळ प्रत गेली. पुसलेला माणूस परत आणायचं चिन्ह मी अजून कुठे पाहिलेलं नाही. एकच मूळ प्रत उरलीय आणि ती आमच्या भिंतीवर आहे. ती कुणी फोनवर काढून तुला पाठवावी असं तू म्हणशील. आईला मी सांगून ठेवलंय, पाठवायचा नाही. तूच जा.

गेलास की लक्षात ठेव: काचेवरून फोटो काढलास तर काचेची चमक येते आणि काढणाराही दिसतो. चौकट उतरव, काच काढ, खिडकीशेजारी ठेव पण थेट उन्हात नको. फोन बरोबर समोर धर, तिरका नको. अंगाची सावली पडू देऊ नकोस.

टिकली


१५ सप्टेंबर

चि. टिकली,

दादाचा निरोप मिळाला. निरोप द्यायची ही काय पद्धत! म्हणे हात परत कर. बरं, करतो परत. इतकं काय त्याच्या हाताचं!

म्हणून काल हात पुसायला बसलो. शर्टाची टिकली खालून घेतली, मऊ ब्रश घेतला. अंगठा गेला, दोन बोटं गेली. मग मध्येच चुकून मागच्या दारावर क्लिक झालं आणि माझ्या खांद्यातून दार दिसायला लागलं. काकू म्हणाली, “आता कडी लावून घ्या म्हणजे झालं.” ह्या वेळी वेगळ्या नावाने सेव्ह केलंय. तेवढं शिकलो.

दादाकडे जाण्याचं मी ठरवलंच होतं. पण ह्या आठवड्यात वेताची नवी मोळी येणार आहे. मग बाकाची बैठक द्यायची आहे. शिवाय त्याच्याकडे बसायला सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मी त्यांच्यावर बसणार नाही असं सगळ्यांसमोर म्हणून बसलोय. उभ्याने किती वेळ बोलणार?

तुझा काका


१६ सप्टेंबर

काका,

तू पाठवलेला नवा फोटो पाहिला. खांद्याला भोक, त्यातून दार, आणि वर दोन बोटं. शिंपीणबाईंना दाखवू नकोस, त्या आता गाव गोळा करतील.

उभ्याने जा. पण जा.

टिकली


२ ऑक्टोबर

चि. टिकली,

जाऊन आलो. तुझ्या आईने तुला सगळं सांगितलं असेलच, पण तिने माझ्या बाजूने सांगितलं नसणार, म्हणून लिहितो.

सकाळी देवापुढे बसलो आणि काही मागितलं नाही. उठलो आणि चप्पल घालून तसाच निघालो. काकूने विचारलं, “कुठे?” मी म्हटलं, “हात परत द्यायला.” ती म्हणाली, “रिकाम्या हाताने?” आणि खरंच पिशवी हातात दिली. पिशवीत काही नव्हतं. फोटो घालून आणायला दिली होती.

दादा ओट्यावर पट्टी ताणत बसला होता. वर न बघता म्हणाला, “आलास? कुठे ठेवलायस माझा हात?”

“फोटो न्यायला आलोय.”

“आता कोण पुसायचं राहिलंय? आबा?”

वहिनी आतून म्हणाल्या, “आधी बसू दे त्यांना, मग भांडा.” आणि खुर्ची पुढे सरकवली. निळी, प्लास्टिकची. मी म्हटलं, “मी उभाच बरा.” दादा हसला. “उभा राहा. फोटो केवढा उंच लावलाय ते बघितलंस का? हात पुरणार नाही तुझा. माझा पुरतो, पण तो तुझ्या दुकानात आहे.”

म्हणजे खुर्चीवर बसायचं नव्हतं, चढायचं होतं. मी चपला काढून चढलो. तो म्हणाला, “जपून. वीण माझी आहे.” मी म्हटलं, “म्हणूनच भीती वाटतेय.” त्याने खुर्ची दोन्ही हातांनी धरली. पट्टी वाकली, करकरली नाही. टिकली, हे तुझ्यापुरतं ठेव, पण पायांना बरी लागते ती.

चौकट उतरवली. काच काढून फोटो खिडकीपाशी ठेवला. मी फोन समोर धरला आणि नेमकी दादाची सावली फोटोवर पडली.

“दादा, बाजूला हो. फोटोत येतोयस.”

“एकदा काढून भागलं नाही का तुझं?”

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. मीही हसलो. तोही हसला, पण पाठ फिरवून. मग परत वळून फोटोवर वाकला आणि म्हणाला, “ती खुर्ची आठवते? चौकट मी केली आणि वीण तू. आबा बसले आणि म्हणाले, बरी आहे. त्यांच्या तोंडून तेवढं म्हणजे खूपच.” मी म्हटलं, “आठवते. वेताची होती.” तो म्हणाला, “वेताचीच होती. आता वेत महाग झाला, मी काय करू?” त्यावर आम्ही चांगलं तासभर भांडलो. वेत आणि प्लास्टिक ह्यावर आमचं जुळलेलं नाही, जुळणार नाही. पण तेवढा वेळ मी निळ्या खुर्चीवर बसून भांडत होतो हे मला उठताना कळलं.

निघताना तो दुकानापर्यंत आला. म्हणाला, “पुन्हा काही पुसशील, डोळ्यांदेखत झालेलं बरं.” फोटोची आधी दुसरी प्रत काढली. तिला वेगळं नाव दिलं, मूळ प्रत तशीच ठेवली, तुझं लाल वाक्य त्याला वाचून दाखवलं. फोटो हलका केला आणि चौकोनात चढवला. मग ती रिकामी ओळ आली. ‘इथे चित्राचं वर्णन येईल.’

दादा म्हणाला, “हे काय?”

मी सगळं सांगितलं, गाण्याचे मास्तर, त्यांचा फोन, सगळं. तो म्हणाला, “मग लिही ना. वाट कुणाची बघतोयस?” आणि मी एका बोटाने लिहायला लागलो. मागून तो दुरुस्त्या सांगत होता. ‘भाऊ’ लिहिलं तर म्हणाला, “मोठा भाऊ.” खुर्चीबद्दल लिहिलं तर म्हणाला, “चौकटीचं राहिलं.” त्याने चष्मा आणला नव्हता, म्हणून वाचायला अगदी जवळ वाकावं लागत होतं.

लिहून झाल्यावर मास्तरांना फोन लावला आणि पान वाचायला सांगितलं. त्यांच्या फोनने तिकडे मोठ्याने वाचलं, आम्ही दोघांनी इकडे ऐकलं. मास्तर एवढंच म्हणाले, “आता दिसलं.” शिंपीणबाईंनाही बोलावून दाखवलं. त्यांनी दादाकडे पाहिलं, त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “म्हणजे हा होता होय!” जरा निराश झाल्या. पण जाताना सवयीने नमस्कार केला, आणि दादाने तो घेतलाही.

तुझं ते ‘येईल’ पुसताना मला थोडं वाईट वाटलं. तिथे आता जे लिहिलंय ते खाली उतरवून देतो. चुका असतील तर सांग, पण मजकूर बदलायचा नाही, ‘जतन करा’ दाबून झालंय.

‘चित्रात मध्ये आमचे आबा बसले आहेत. खुर्चीची चौकट माझ्या मोठ्या भावाची, वीण माझी. मागे उजवीकडे मी उभा आहे, डावीकडे माझा मोठा भाऊ. तो आता कोपऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या विणतो. माझ्या खांद्यावर जो हात आहे तो त्याचा आहे.’

तुझा काका